कोरडी घागर

सुखदेवा,

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मला बोलायला उभं केलं आणि मी फजिती करून घेतली. दिवसभर दुकानात बसून गिऱ्हाइकाला लुगड्यापासून राजकारणापर्यंत सगळं ऐकवणारा माणूस मी. माईक हातात आला, "सुखदेव माझा शाळेपासूनचा मित्र होता," एवढं बोललो आणि पुढचं वाक्य काही सापडेना. गुपचूप खाली येऊन बसलो. तू पुढच्या रांगेत असतास तर नक्की म्हणाला असतास, "काऊन शेठ, माल संपला काय?"

माल संपला नव्हता, बाबा. गोदाम भरलेलं होतं, पण किल्ली सापडत नव्हती. काल अक्षय तृतीया झाली, काल ती सापडली. म्हणून आज दुकान नोकरावर टाकून तुला हे लिहायला बसलोय.

तुझी नोकरी, तुझ्या बदल्या, तुझा प्रामाणिकपणा हे सगळं तुझ्या खात्यातल्या साहेबांनी सांगितलं, आणि छान सांगितलं. पण निवृत्त झाल्यावर तू काय करत होतास ते कोणाला नीट सांगता आलं नाही. "त्यांना इतिहासाची आवड होती," असं एकजण म्हणाला. मला हसू आलं. शाळेत इतिहासाच्या तासाला तू माझ्या वहीत बैल काढत बसायचास.

तू मोजणीदार. जन्मभर लोकांची वावरं मोजलीस, धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भांडणाऱ्या सख्ख्या भावांना दगड दाखवून गप्प केलंस. एकदा समुद्रपूरकडे एका वावराची वाटणी मोजायला गेलास. सातबाऱ्यावर तीन भावांची नावं होती, आणि हजर होती दोघांची पोरं. तिसरा भाऊ दुसऱ्या महायुद्धात गेला तो आलाच नाही. मेल्याचा कागद नाही म्हणून त्याचं नाव आपलं पिढ्यान्‌पिढ्या सातबाऱ्यावर. संध्याकाळी दुकानात येऊन तू म्हणालास, "शेठ, तो माणूस कागदावर जिता हाय. अन् जमिनीत कुठी हाय, ते कोणालेच मालूम नाई." त्या दिवशी तू चहा घेतला नाहीस, एवढं मला पक्कं आठवतं.

मग निवृत्ती आली. लोक निवृत्तीनंतर तीर्थयात्रा करतात, नातवंडं खेळवतात. तू मेलेले शिपाई शोधायला निघालास. तुझ्या लेकीने, प्रज्ञाने, कॉम्प्युटरवरून युद्धातल्या मृतांची यादी काढून दिली. आपल्या जिल्ह्यातल्या शिपायांची नावं, बापाचं नाव, गाव, पलटण. आणि कितीतरी नावांपुढे एकच शेरा, कबर माहीत नाही. त्या शेऱ्याचा तुला रागच यायचा. "दगड नसला म्हणजे हद्द नसते काय?" असं विचारायचास, जणू काही मीच ते दगड उपटून आणले होते.

आणि मला ओढलंस. तुझ्याजवळ वही होती, माझ्याजवळ मोटरसायकल. तू मागे बसायचास, डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळून, वही पोटाशी धरून. घरी मी सांगायचो, माल पाहायला जातो. बायकोला सगळं ठाऊक होतं. ती तुझ्यासाठी वेगळी भाकर बांधून द्यायची.

किती घरं पालथी घातली आपण! एका घरी शिपायाची पत्र्याची पेटी निघाली, तिच्यात तुरीची डाळ ठेवली होती. त्या घरच्या सुनेला तू पेटीवरचा पुसट नंबर दाखवलास, तर तिने डाळ दुसऱ्या डब्यात काढली आणि पेटी पदरानं पुसली. एका घरी फक्त एक गोष्ट शिल्लक होती, की त्याला कच्चे कांदे फार आवडायचे. तू तेही लिहून घेतलंस. मी चिडवलं, "कांद्याचा काय उपयोग?" तू म्हणालास, "यादीत त्याचं नाव हाय, नंबर हाय. माणूस कुठी हाय? माणूस या कांद्यात हाय." तुझं असं काही बोलणं ऐकलं की मी गाडीला उगाच किक मारत बसायचो.

वाद तर रोजचेच. आमच्याकडे अक्षय तृतीयेला, म्हणजे अखजीला, पितरांच्या नावानं नव्या घागरी भरतात, चिंचवणी करतात, पानं वाढतात. तुमच्या घरी आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून हे बंद. तू दरवर्षी त्या दिवशी मुद्दाम भर उन्हात माझ्याकडे यायचास आणि दारातूनच ओरडायचास, "मेल्यायले पाणी पाजून राह्यले, अन् जित्त्याले कोणी इचारत नाई!" मग माझी बायको तुला आधी पाणी आणि मग पुरणपोळी द्यायची. पोळीला तुझा कधी तात्त्विक विरोध नव्हता.

आणि तुझी ती पद्धत. "ज्याची जमीन त्याले नोको इचारू, शेजाऱ्याले इचार. मालक आपल्या सोयीचं सांगते, शेजारी खरं सांगते." नोकरीत ही पद्धत तुला कधी फसली नाही. रोहण्यात मात्र सपशेल फसली, आणि हे मी तुला जन्मभर ऐकवणार होतो.

यादीत नाव होतं महादेव, बाप कवडू, गाव रोहणा. खेचरांच्या पलटणीत होता, ब्रह्मदेशात मेला, कबर माहीत नाही. तीन वर्षांपूर्वी आपण रोहण्याला गेलो. घर सापडलं, पण तू दारात न जाता नियमाप्रमाणे शेजारच्या ओट्यावर बसलास. शेजारी म्हातारा हसायलाच लागला. "महादेव कवडू? तो कायचा लढाईत मरते जी? नव्वदीचा होऊन याच घरात मेला. म्या सोता खांदा देला." झालं. जो माणूस इथे म्हातारा होऊन मेला तो ब्रह्मदेशात कसा मेला असेल? मी म्हणालो, यादी चुकली. तू गाव चुकलं म्हणालास, आणि घराचा उंबरा न ओलांडता आपण परत आलो. वहीत त्या नावापुढे तू प्रश्नचिन्ह काढलंस. तुझ्या वहीत ते एकुलतं एक प्रश्नचिन्ह होतं, आणि ते तुला दाताखाली खडा आल्यासारखं तीन वर्षं टोचत राहिलं.

मागच्या हिवाळ्यात तू अचानक म्हणालास, "चाल, रोहण्याले जाऊ. या बारी घरात." स्वतःची पद्धत मोडायला निघाला होतास, मी थट्टा केली नाही, कारण तुझा चेहरा पाहिला होता.

महादेवाचा मुलगा, गोविंदराव, सत्तरीच्या पुढचा, मोठा गोड माणूस. "बसा ना जी," म्हणत स्वतः खाट टाकली. तू बाकीचं काहीच विचारलं नाहीस. बाप कसा होता, एवढंच विचारलंस. गोविंदराव सांगत गेले. बा चौथी शिकलेला. बा कमी बोलणारा. "अन् ढोराले लय भेये. शेतकऱ्याचा पोरगा, पण बैल कधी जुपला नाई त्यानं. आमीच जुपो." मी मान हलवत चहा पीत होतो. तुझी पेन्सिल मात्र थांबली होती. खेचरांच्या पलटणीतला शिपाई आणि जनावरांना भिणारा महादेव, हे तुला तिथेच खटकलं. मला ते कळलं थेट जाम गावच्या चौकात, पण ते पुढे येईल.

मग त्यांनी घागरीची गोष्ट सांगितली. दर अक्षय तृतीयेला महादेव कुंभाराकडून एक घागर जास्तीची आणायचा. बाकीच्या भरायचा, ती एक कोरडीच ठेवायचा, सगळ्यांच्या शेजारी. पोरांनी विचारलं की म्हणायचा, "ते माही हाय." गोविंदराव हसत म्हणाले, "आमाले वाटे, बा आपल्या मरणाची गंमत करते. मंग बा गेला तई आमी ते त्याच्या नावानं भरली. आता जास्तीची आणत नाई."

"भाऊबीऊ कोणी होता काय त्यायले?" तू विचारलंस.

"होता ना, धाकटा. साधू होऊन गेला म्हणे, माह्या जनमाच्या आंदी. एक आत्या हाय, गिरडले. तिले मालूम असन."

महिनाभरानं आपण गिरडला गेलो. त्या आत्याच्या, बयाबाईंच्या दारातून टेकडीवरचा दर्गा दिसत होता. नव्वदी ओलांडलेली म्हातारी, कान शाबूत. तू जवळ बसून एवढंच विचारलंस, "आजी, महादेवभाऊ ढोराले काऊन भेत होते?"

ती बोळक्या तोंडानं खूप हसली. "बाप्पा, तो त बकरीलेही भेये!" मग पदरानं तोंड पुसून सगळं सांगितलं. भरतीवाल्यानं महादेवाचं नाव लिहून चिठ्ठी दिली होती. मागाहून कळलं की खेचरं सांभाळायची आहेत. महादेव दिवसभर रडला. धाकटा गोविंदा, सतरा वर्षांचा, जनावरं त्याच्या मागे मागे फिरायची. तो म्हणाला, "दे चिठ्ठी मले. मी जातो तुह्या नावानं. खेचर म्हंजे काय, डोकं फिरलेला बैल." आणि गेला.

"दीड वर्सानं तार आली," बयाबाई म्हणाल्या. "घरात वाचता येणारा महादेवच. त्याच्याच हाती देली. त्यात लिवलं, महादेव मेला. त्यानं ते वाचली अन् चुलीत टाकली. म्या पाह्यलं. मले म्हणे, बये, बोलशील त सरकार मले धरून नेईन. मायबापाले सांगे, गोविंदा येईन. मंग सांगे, साधू झाला. पोरगा झाला त त्याचं नाव गोविंदा ठेवलं."

मी विचारलं, "महादेवभाऊ जाऊन इतकी वर्षं झाली, मग कोणाला सांगितलं का नाही?"

"कोणी इचारलंच नाई, बाप्पा."

आपल्याच मरणाची तार हातात धरून उभा असलेला तो माणूस माझ्या डोळ्यापुढून हलत नव्हता. भावाला मेला म्हणावं तर आई ऐकेल, सरकार ऐकेल. न म्हणावं तर त्याला पाणी नाही. म्हणून ती घागर ना भरलेली ना टाकलेली, मधेच. आणि म्हातारा गेल्यावर पोरांनी भोळेपणानं तीही त्याच्याच नावानं भरली. म्हणजे धाकट्याचं नाव गेलं, कबर गेली, शेवटी कोरडी का होईना, घागर होती, तीही गेली. हे सगळं मला तू परतताना जामच्या चौकात चहाच्या टपरीवर उलगडून सांगितलंस, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

आणि तिथेच आपलं शेवटचं भांडण सुरू झालं. मी म्हणालो, उद्याच रोहण्याला जाऊ, गोविंदरावांना सांगू. तू म्हणालास, नाही. गोविंदाला ब्रह्मदेशात कुठे पुरलं ते कळू दे. प्रज्ञा पत्रं पाठवते आहे, उत्तर येईल. "अर्धा नकाशा मी कोणाच्या हाती देत नाई." मी म्हणालो, गोविंदरावांचं वय काय, आपलं वय काय? पलटण चालता चालता कुठेतरी नदीकाठी माती लोटून पुढे गेली असेल, त्याचा नकाशा तुला कोण देणार? तू ऐकेनास. आठवड्यामागून आठवडे आपण हेच भांडलो. शेवटी दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, मी म्हणालो, "तुझ्या नकाशापायी तो म्हातारा तसाच मरेल." तू उठलास. "मराची घाई तुले हाय, शेठ. मले नाई." दुसऱ्या दिवशी दुकानावरून गेलास तर मान वळवून पाहिलं नाहीस. मीही हाक मारली नाही. म्हटलं, येईल, अक्षय तृतीयेला पुरणपोळीला तर येईलच.

त्या आधीच तू गेलास. सुखदेवा, भांडण अर्धं टाकून उठून जाण्याची ही रीत बरी नव्हे. धुऱ्यावरच्या भांडणात कोणी असं केलं असतं तर तू त्याला परत बोलावून बसवलं असतंस. मी हाक मारली नाही, याचं मला वाईट वाटतं, फार वाईट वाटतं, आणि हे मी माईकवर बोलू शकलो नाही.

कार्यक्रमानंतर शोभावहिनींनी तुझी वही माझ्या हातात दिली. "हे तुमचंच काम हाय," एवढंच बोलल्या. घरी येऊन उघडली. रोहण्याच्या पानावर प्रश्नचिन्ह खोडलेलं. खाली नकाशा, तुझ्या सरळ, नोकरीतल्या रेघांचा. रोहण्यातलं घर, दारातला निंब, विहीर, बैलांचा गोठा. तिथून आता बंद पडलेल्या छोट्या गाडीचा रूळ, तो पुलगावच्या मोठ्या स्टेशनपर्यंत. स्टेशनापाशी बाण आणि पुढे कोरा कागद. उत्तरेची खूणही काढली होतीस. कडेला लिहिलं होतं, "शेवटचा दगड सापडत नसेल तर पहिला पक्का करावा." आणि अगदी खाली, बारीक अक्षरात, "शेठ बरोबर. अखजीला दोघांनी जाणे."

पन्नास वर्षांच्या दोस्तीत तू मला बरोबर म्हटल्याचा हा पहिला लेखी पुरावा. मी तो वाचून रडलो आणि मग बायकोला बोलावून दाखवला.

काल सकाळी सेलूच्या कुंभाराकडून एक घागर घेतली. मोटरसायकलवर तुझ्या जागी, मागच्या सीटवर ठेवली, भोवती गादी गुंडाळली आणि तुझ्यासारखा पांढरा दुपट्टा घालून बांधली. रस्त्यानं लोक वळून पाहत होते. खड्डा आला की मी मागे हात लावून चाचपत होतो, तू आहेस ना म्हणून. तू इतका गप्प कधीच बसला नव्हतास.

गोविंदरावांच्या घरी घागरी मांडून झाल्या होत्या, वर आंबे ठेवलेले. मी खाटेवर बसलो आणि सगळं सांगितलं. शेवटचा दगड सापडला नाही, हेही सांगितलं. तुझं पान हातात दिलं. त्यांनी ते बराच वेळ पाहिलं. गोठ्याच्या चौकोनावर बोट ठेवून म्हणाले, "गोठा तई बी इथंच होता काय?" मी म्हणालो, "सुखदेवनं काढलाय म्हणजे इथंच होता." मग ते उठून गोठ्यात गेले. आम्ही बाहेर थांबलो. परत आले तेव्हा डोळे लाल होते, आणि चेहरा मात्र मोकळा.

आणलेली घागर त्यांनी बाकीच्यांशेजारी मांडली. पाण्याचा पितळी गुंड उचलला आणि थांबले. "माह्याच नावानं पाणी द्याचं काय आता? गोविंदा म्हणून?"

त्यांची बायको चिंचवणी ढवळत होती. मान वर न करता म्हणाली, "नाव त्याचंच हाय. तुमाले वापराले देलतं."

गोविंदरावांनी मोठ्यानं नाव घेतलं आणि पाणी ओतलं. नवी घागर आधी थोडं पाणी पिते. कडेला ओल चढत गेली, मग भरली. घरातली सगळी माणसं उभी होती. शेजारचा तो म्हाताराही कुंपणाशी येऊन उभा राहिला होता, आणि या खेपेला त्याला कोणी काही विचारलं नाही.

मी वही उघडली, तुझ्या पेन्सिलनं ते नाव पुरं केलं. गोविंदा, बाप कवडू, रोहणा. जनावरं मागे मागे यायची. वहीत आणखी दोन नावं अर्धी आहेत. प्रज्ञा म्हणते, सुट्टीत ती मागे बसेल. पण अक्षर तिचं तुझ्याहून वाईट आहे.

निघताना मनात आलं, एक घागर तुझ्याही नावानं ठेवावी का? गोविंदरावांना म्हटलंही असतं. पण तू दारातून ओरडशील असं वाटलं, आणि गप्प राहिलो. तेवढ्यात त्यांची बायको आतून पाण्याचा पेला घेऊन आली आणि माझ्या हातात देत म्हणाली, "थांबा जी. मेल्यायचं झालं. तुमी कवाचे उन्हातून आले, तुमाले कोणी इचारलंच नाई."

मी तिथेच, दारात उभा राहून, तो पेला शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलो आणि आणखी एक मागून घेतला.